हेडलाइटचा उजेड कमी पडतो: बल्ब बदलावा की दिवाच नीट करून घ्यावा?

रात्रप्रवासी

नमस्कार. माझ्याकडे २०१३ सालची हॅचबॅक आहे. तिला कारखान्यातून आलेले साधे एच४ हॅलोजन बल्ब आहेत, म्हणजे अप्परला (दूरच्या झोताला) ६० आणि डिपरला (खाली वळवलेल्या झोताला) ५५ वॅट. गाडी पुण्यातच, कोथरूड ते हडपसर अशी फिरते. रस्त्यावरच्या दिव्यांमुळे शहरात हेडलाइटचा उजेड किती पडतो याकडे माझे कधी लक्षच गेले नव्हते.

गेल्या महिन्यात साताऱ्याहून रात्री परतत होतो. खंबाटकीचा बोगदा ओलांडून शिरवळच्या पुढे आलो तेव्हा उसाने भरलेली एक ट्रॉली डाव्या मार्गिकेतून अगदी सावकाश चालली होती. तिला मागे दिवा नव्हता आणि परावर्तक पट्टीही नव्हती. ती मला दिसली तेव्हा अंतर इतके कमी उरले होते की पूर्ण ताकदीने ब्रेक दाबूनही गाडी तिच्यापासून जेमतेम दोन-तीन हात अलीकडे थांबली. शेजारी आई बसली होती. त्या ट्रॉलीचा दोष आहेच. तरीही माझे दिवे ठीक असते तर ती मला आधी दिसली असती, हा विचार त्या रात्रीपासून डोक्यातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी ॲक्सेसरीच्या एका दुकानात गेलो. तिथे दोन पर्याय सांगितले गेले: १००/९० वॅटचे बल्ब लावा, किंवा त्याच होल्डरमध्ये बसणारे एलईडी लावा. दोन्हींसाठी ‘काही करावे लागत नाही, नुसते काढायचे आणि घालायचे’ असे आश्वासन मिळाले. पैसे देण्यापूर्वी इथल्या जाणकारांना विचारावेसे वाटले. उजेड वाढवण्याचा सुरक्षित मार्ग कोणता?

तारजोडणी

मी गेली सव्वीस वर्षे गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो. दोन्ही पर्याय तूर्त बाजूला ठेवा. आधी बल्बपर्यंत किती व्होल्ट पोहोचतात ते मोजा. दहा-बारा वर्षांच्या गाडीत बल्ब बहुधा निर्दोष असतो, त्याला मिळणारा दाबच, म्हणजे व्होल्टेजच, कमी पडतो.

हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ कमी होत नाही, फार वेगाने कोसळतो. दाब दहा टक्क्यांनी उतरला तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा प्रवाह स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो. वर्षे सरतात तसे त्या स्विचचे संपर्कबिंदू काळे पडतात, कनेक्टर सैल होतात, आणि बॉडीला जोडलेल्या अर्थिंगच्या (प्रवाह बॅटरीकडे परतण्याच्या जोडणीच्या) बोल्टखाली गंज धरतो. अशा प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा दाब खर्ची पडतो.

मोजायची रीत सोपी आहे. इंजिन चालू ठेवा, डिपर लावा आणि मल्टिमीटरने आधी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज पाहा, ते १३.५ ते १४.५ च्या आसपास असायला हवे. मग बल्ब पेटलेला असतानाच त्याच्या कनेक्टरच्या मागच्या बाजूने पिना टेकवून तिथले व्होल्टेज पाहा. बल्ब काढून रिकाम्या कनेक्टरवर मोजू नका. प्रवाह वाहत नसेल तर तोटा दिसत नाही आणि सगळे ठीक असल्याचा भास होतो. दोन्ही आकड्यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला, तर उजेड कुठे जातो आहे ते तुम्हाला कळले असे समजा.

१०० वॅटच्या बल्बबद्दल एवढेच सांगतो की ५५ वॅटचा बल्ब सुमारे साडेचार अँपिअर घेतो आणि १०० वॅटचा आठच्या पुढे. मूळ तारा आणि स्विच त्या हिशेबाने बनवलेले नसतात. वितळलेले होल्डर आणि करपलेले स्विच मी दर पावसाळ्यात बदलतो, आणि त्यांतल्या बहुतेक गाड्यांत असले जादा वॅटचे बल्ब सापडतात. ती उष्णता रिफ्लेक्टरचा, म्हणजे बल्बमागच्या आरशासारख्या वाटीचा, चकचकीत थरही उडवते, आणि मग मूळ बल्ब परत लावला तरी पूर्वीचा उजेड मिळत नाही.

दीपस्तंभ

मी निवृत्त अभियंता आहे. वाहनांच्या दिव्यांच्या चाचण्यांशी माझा अनेक वर्षे संबंध होता, म्हणून दुसऱ्या पर्यायाविषयी थोडे सविस्तर लिहितो.

आपल्याकडे चर्चा नेहमी ‘किती उजेड’ याची होते, आणि तो उजेड जातो कुठे हा प्रश्न मागे राहतो. एच४ बल्बमध्ये तापून उजळणाऱ्या दोन तारा (फिलामेंट) असतात, एक अप्परची आणि एक डिपरची. डिपरच्या तारेखाली धातूची एक छोटी वाटी असते, जी खाली जाणारा प्रकाश अडवते; त्यामुळे रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर प्रकाश पडतो आणि तिथून तो खाली, रस्त्यावर वळतो. भिंतीसमोर गाडी उभी केल्यावर जी स्पष्ट रेषा दिसते, जिच्या वर अंधार आणि खाली उजेड असतो, ती या वाटीमुळे तयार होते. आपण डावीकडून वाहने चालवतो, म्हणून ती रेषा डाव्या बाजूला थोडी वर चढते. पदपथ, पादचारी आणि रस्त्याकडेचे फलक दिसावेत, पण उजवीकडून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत, अशी ती रचना आहे.

ही सगळी भूमिती तारेच्या जागेवर अवलंबून असते आणि त्यात मिलिमीटरचाही फरक चालत नाही. एलईडीचे दोन चपटे तुकडे धातूच्या पट्टीच्या दोन बाजूंना बसवलेले असतात, म्हणजे प्रकाशाचा उगमच वेगळ्या आकाराचा आणि वेगळ्या जागी असतो. रिफ्लेक्टर मात्र जुन्याच तारेसाठी घडवलेला आहे. परिणामी प्रकाश पसरतो, रेषा पुसट होते आणि बराचसा उजेड समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर जातो. कारखान्यातूनच एलईडी घेऊन आलेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे भिंग आणि प्रकाशस्रोत एकमेकांसाठीच आखलेले असतात.

मुळशीकर

दीपस्तंभ यांच्याविषयी आदर ठेवून माझा अनुभव मांडतो. मी दीड वर्षापूर्वी एच४ च्या जागी एलईडी लावले. पौड ते ताम्हिणी हा माझा नेहमीचा रस्ता आहे आणि मला तरी फरक स्पष्ट जाणवला. गाडीसमोरचा रस्ता दिवसासारखा पांढरा दिसतो. पावसात डांबर पूर्वीइतके उठून दिसत नाही, हे मान्य करतो. पण एकंदरीत उजेड वाढला आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

दीपस्तंभ

मुळशीकर, आपल्याला जे जाणवले ते खरेच आहे, पण ते नेमके काय आहे हे पाहायला हवे. गाडीसमोरच्या पहिल्या दहा-पंधरा मीटरमध्ये उजेड वाढला की डोळ्याची बाहुली आकुंचन पावते, आणि साठ मीटरवरचा अंधूक उजेड आपल्याला आणखी अंधूक दिसतो. चालकाला समाधान जवळच्या उजेडाने मिळते, पण त्याचा जीव वाचतो तो दूरच्या उजेडाने.

हिशेब करून पाहू. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. धोका ओळखून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरले तर ३३ मीटर गेलेच, आणि कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावल्यावर थांबायला आणखी ३५ मीटर तरी हवेत. म्हणजे जवळजवळ ७० मीटर झाले. चांगल्या स्थितीतल्या हॅलोजन डिपरचा उपयोगी पल्लाच साधारण ५० ते ६० मीटर असतो. रात्रप्रवासी यांच्या बाबतीत जे घडता घडता राहिले त्याचे गणित हेच आहे. समोर वाहन नसताना महामार्गावर अप्पर वापरणे आणि समोरचे वाहन दिसताच डिपर देणे ही सवय म्हणूनच महत्त्वाची, आणि केवळ डिपरवर जायचे असेल तर वेग ६० च्या आत ठेवणे भाग आहे.

पावसाविषयी आपण लिहिले आहे, म्हणून एक गैरसमज दूर करतो. पिवळा प्रकाश धुक्याला भेदून जातो असे म्हणतात. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. पिवळसर प्रकाश डोळ्यांना कमी बोचतो, एवढे मात्र खरे. ताम्हिणीच्या धुक्यात उपयोग होतो तो खाली बसवलेल्या, रुंद आणि चपट्या झोताच्या फॉग दिव्यांचा. तिथे अप्पर लावला तर समोर पांढरी भिंतच उभी राहते.

माझी विनंती आहे की आपण एकदा भिंतीसमोर गाडी उभी करून रेषा दिसते का ते पाहावे आणि इथे लिहावे.

सासवडरस्ता

मी दिवे घाटातून रोज स्कूटरने ये-जा करते. वय एकसष्ट, आणि एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले आहे. समोरून असे पांढरेशुभ्र दिवे आले की पुढची काही सेकंदे मला रस्त्याची कडा दिसत नाही. घाटात काही सेकंदे म्हणजे एक संपूर्ण वळण असते. वाढत्या वयात दिपलेले डोळे पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागतो, हे डॉक्टरांनीच सांगितले आहे.

नियम काय म्हणतो तेही इथे नोंदवून ठेवते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ नुसार पुढच्या दिव्याचा झोत खाली वळवलेला असला पाहिजे. इतका, की दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, वाहनाच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्या व्यक्तीचे डोळे आहेत तिला तो दिपवणार नाही. स्कूटरवर बसलेल्या माझे डोळे जवळजवळ त्याच उंचीवर असतात. हा नियम कोणीतरी माझाच विचार करून लिहिला असावा, असे मला वाटते.

नवी वाट

मी याच वर्षी गाडी शिकले. माझ्या गाडीत स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला ० ते ३ आकडे असलेली एक चकती आहे. ती उजेड कमी-जास्त करण्यासाठी आहे असे समजून मी ती कायम ३ वर ठेवते. तरीही उजेड जवळच पडतो. चकती बिघडली असेल का?

तारजोडणी

ताई, चकती बिघडलेली नाही. तिचा उजेडाच्या तीव्रतेशी संबंध नाही. ती झोताचा कोन बदलते, आणि आकडा जितका मोठा तितका झोत खाली जातो. मागे माणसे आणि सामान भरले की गाडीचे नाक वर उचलले जाते आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. तो फरक भरून काढण्यासाठी ती दिलेली आहे. एकट्या असाल किंवा पुढे दोघेच असाल तर ०. सगळ्या जागा भरल्या की १, डिकीतही सामान असेल तर २, आणि चालक एकटा पण डिकी पूर्ण भरलेली असेल तर ३, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. नेमके आकडे गाडीच्या पुस्तिकेत असतात. आज ० वर ठेवून पाहा. गेले काही महिने आपण विनाकारण अंधारात गाडी चालवत होतात.

रात्रप्रवासी

सर्वांचे मनापासून आभार. दोन रविवार खर्च करून जे केले ते क्रमाने लिहितो.

पहिल्या रविवारी मोजमाप केले. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट होते. उजव्या बल्बवर १२.४ मिळाले आणि डाव्यावर केवळ ११.६. तारजोडणी यांनी सांगितल्याप्रमाणे तोटा दोन भागांत शोधला: मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी डाव्या बल्बच्या अर्थच्या तारेवर ठेवली. शून्याच्या जवळ असायला हवे तिथे १.२ व्होल्ट दिसले. म्हणजे निम्मा तोटा एकट्या अर्थिंगमध्ये होता. तो बोल्ट बॅटरीच्या खालच्या बाजूला सापडला, पांढऱ्या-हिरव्या क्षाराने पूर्ण माखलेला. खोलला, पॉलिश पेपरने पत्र्यापर्यंत घासला, नवा वॉशर घालून आवळला आणि वरून ग्रीस लावले. एवढ्यानेच डावा दिवा १२.७ वर आला. या कामाला मला साहित्यासह पन्नास रुपयेसुद्धा लागले नाहीत.

उरलेला तोटा स्विच आणि लांब तारांचा होता. त्यासाठी नाना पेठेतून रिले (छोट्या प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज होल्डर आणि जाड तार आणली. जोडणी मात्र मी स्वतः केली नाही, अनुभवी माणसाकडून करून घेतली. आता जुना स्विच फक्त रिलेला इशारा देतो, आणि बल्बला प्रवाह थेट बॅटरीकडून मिळतो. दोन गोष्टी मी आग्रहाने करून घेतल्या. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवला, म्हणजे पुढे कुठे तार घासून उघडी पडली तरी आग लागणार नाही. शिवाय दोन दिव्यांना दोन वेगळे फ्यूज दिले. एकच फ्यूज असता आणि तो घाटात उडाला असता, तर दोन्ही दिवे एकाच क्षणी विझले असते. आता दोन्ही बल्बवर १३.४ व्होल्ट मिळतात. डाव्या दिव्याचा उजेड हिशेबाने दीडपटीहून अधिक वाढला आहे, आणि बल्ब तेच जुने, ५५ वॅटचे आहेत.

दुसरा रविवार काचेसाठी आणि झोताच्या रोखासाठी ठेवला होता. माझ्या दिव्यांची ‘काच’ प्रत्यक्षात पॉलिकार्बोनेटची आहे आणि उन्हाने तिचा वरचा संरक्षक थर पिवळा पडला होता. टूथपेस्टने घासण्याचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. तो मी याआधी आजमावला आहे. चमक येते आणि काही आठवड्यांत जाते. या वेळी दिव्याभोवतीच्या रंगावर चिकटपट्टी लावली आणि ८००, १५००, २००० व ३००० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने, सतत पाणी सोडत, पिवळा थर पूर्ण उतरवला. पाण्यातून पिवळट दूध वाहते ते स्वच्छ वाहू लागेपर्यंत पुढच्या पेपरवर जायचे नाही, हे ध्यानात ठेवावे. शेवटी पॉलिश केले आणि अतिनील किरणे रोखणारा पारदर्शक लेप मारला. हा लेप टाळला तर उघडे पडलेले पॉलिकार्बोनेट आधीपेक्षा लवकर पिवळे पडते. पेट्रोल किंवा थिनर मात्र चुकूनही लावू नये, त्याने प्लास्टिकला बारीक तडे जातात.

आता झोताचा रोख. टाकी अर्धी, टायरमध्ये योग्य हवा, चकती ० वर आणि चालकाच्या जागी मी स्वतः, अशी तयारी केली. आमच्या सोसायटीच्या तळघरातील वाट सपाट वाटते, पण गवंडी पातळी पाहण्यासाठी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी लावून ती तपासून घेतली. दिव्यापासून भिंत ७.५ मीटरवर ठेवली. दिव्याच्या मध्याची उंची ६६ सेंटिमीटर निघाली. दिव्यावर १.२ टक्के असे छापलेले आहे, म्हणजे ७.५ मीटरवर झोत ९ सेंटिमीटर खाली उतरला पाहिजे. भिंतीवर ५७ सेंटिमीटर उंचीवर टेप लावली, आणि एकेक दिवा झाकून दुसऱ्याची रेषा पाहिली.

उजव्या दिव्याची रेषा ४६ वर होती. त्याचा उजेड रस्त्यावर फार जवळच संपत होता. डाव्याची ७१ वर होती, म्हणजे दिव्याच्या मध्यापेक्षाही वर. दोन वर्षांपूर्वी पुढचा बंपर बदलला तेव्हा दिवे काढून बसवले होते, आणि तेव्हापासून माझा अशक्त डावा दिवा समोरच्यांच्या डोळ्यांत जात होता. सासवडरस्ता यांचा प्रतिसाद वाचल्यानंतर हे पाहताना मला फार वाईट वाटले. दिव्याच्या मागचे दोन्ही स्क्रू फिरवून रेषा टेपवर आणल्या आणि रेषेचा डावीकडे चढणारा कोपरा प्रत्येक दिव्याच्या मध्यासमोर बसवला.

नवी वाट

चकती ० वर ठेवली आणि आज भूगाव ते चांदणी चौक हा रस्ता मला पहिल्यांदाच नीट दिसला. तारजोडणी यांचे आभार. आणखी एक विचारते: सकाळी माझ्या दिव्यांच्या आत बाष्प दिसते, ते काढावे लागेल का?

तारजोडणी

दिवा लावल्यावर अर्ध्या-एक तासात ते निघून जात असेल तर काही करू नका. दिव्याला हवा खेळण्यासाठी बारीक छिद्रे असतात आणि एवढे बाष्प धरतेच. पाण्याचे थेंब ओघळताना दिसले किंवा तळाशी पाणी साचले तर मागचे रबरी झाकण निसटलेले असते किंवा सांधा उघडलेला असतो. तेव्हा मात्र लगेच दुरुस्ती करून घ्या. थांबलात तर रिफ्लेक्टर काळवंडतो.

बल्ब बदलायची वेळ आली तर दोन्ही एकदम बदला. आधी दिवा विझवून तो थंड होऊ द्या. काचेला बोट लावू नका, बोटाचा तेलकटपणा तापलेल्या काचेवर डाग धरतो आणि बल्ब तिथूनच फुटतो. चुकून लागलेच तर स्पिरिटने पुसून घ्या. आणि एक सूचना सर्वांसाठी: रात्रप्रवासी यांच्यासारखी रिलेची जोडणी नव्या गाड्यांत करू नका. त्यांत दिव्यांवर संगणक नजर ठेवून असतो. तार मधेच तोडली की तो चूक दाखवतो आणि वॉरंटीही जाते.

मुळशीकर

दीपस्तंभ यांनी सांगितल्याप्रमाणे काल रात्री भिंतीसमोर गाडी उभी केली. रेषा सापडली नाही. भिंतीवर वरपर्यंत पांढरा उजेड होता आणि त्यात दोन ठिकाणी जास्त तेजस्वी ठिपके होते. शेजाऱ्याच्या त्याच मॉडेलच्या गाडीत मूळ हॅलोजन आहेत. ती त्याच जागी उभी केली तेव्हा रेषा दोरी आखल्यासारखी स्वच्छ दिसली. समोरून येणारे लोक मला वारंवार अप्पर का मारतात याचे कारण मला दीड वर्षाने कळले. जुने बल्ब घरात जपून ठेवलेले आहेत, ते या शनिवारी परत बसवतो. व्होल्टेज मोजूनच बसवीन.

रात्रप्रवासी

मुळशीकर, आकडे इथे जरूर लिहा. तळघरातील भिंतीवरची टेप मी काढलेली नाही. समितीची परवानगी घेऊन त्या जागी जमिनीवर ७.५ मीटरची खूण आणि भिंतीवर सेंटिमीटरच्या रेघा रंगवून घेतल्या आहेत. काल संध्याकाळी शेजारच्या दोघांनी आपापल्या गाड्या तिथे लावून पाहिल्या. एकाची ठीक निघाली, दुसऱ्याची १८ सेंटिमीटर वर. आई उद्या माझ्याबरोबर पुन्हा साताऱ्याला येणार आहे. मागे मामा-मामी आणि डिकीत सामान असेल, म्हणून निघण्यापूर्वी चकती २ वर ठेवून रेषा एकदा भिंतीवर पाहून घेणार आहे.